पुण्यात मुचकुंद लावायचा असेल तर

मुचकुंदाची फुलं सकाळी झाडाखाली पडलेली दिसतात, एखादं उचलून हुंगलं की आपल्याकडेही हे झाड असावं असं वाटतं. इथपर्यंत बरेच जण येतात. पुढे मात्र गाडी अडते. रोप कुठे मिळतं, नर्सरीवाल्याने दिलेलं रोप खरंच मुचकुंदाचं आहे का, सोसायटीत लावू देतील का, एवढ्या कोरड्या हवेत ते जगेल का, हे कुणी नीट सांगत नाही. पुण्यात रोप वाढवून, लावून आणि तीन उन्हाळे सांभाळून जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. यातली जागेची आणि ओळखीची पायरी घाईत उरकू नका. मुचकुंद मरतो तो बहुतेक वेळा पाण्यावाचून, पण तोडला जातो तो जागा चुकल्यामुळे. जगवलेलं झाड दहाव्या वर्षी तोडावं लागणं हे जास्त वाईट.

काय काय लागेल

बियांपासून सुरुवात करणार असाल तर: पक्व फळं, लाल माती किंवा पोयटा, गांडूळखत, थोडी जाड वाळू, खोल पिशव्या, अर्धी सावली देणारी जागा किंवा हिरवी शेडनेट. लागवडीसाठी: पहार, कुदळ, घमेलं, चांगलं कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड, बांबू किंवा काठ्या, सुतळी, आच्छादनासाठी पालापाचोळा आणि पाण्याचा पाइप पोहोचेल याची खात्री. कागदपत्रांत सोसायटीच्या कमिटीचा लेखी होकार, जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि लावण्याआधीचे जागेचे फोटो.

१. आधी झाड नक्की करा

मुचकुंद म्हणून आपल्याकडे मुख्यतः दोन झाडं ओळखली जातात. दोन्ही टेरोस्पर्मम या एकाच प्रजातीतली, म्हणजे एकाच घराण्यातली भावंडं. ही सगळी झाडं आशियातल्या उष्ण भागातली. पूर्वी त्यांना स्टर्क्युलिएसी कुळात धरत, आता ती जास्वंद, भेंडी आणि कापसाच्या माल्वेसी कुळात मोडतात. जुन्या पुस्तकात वेगळं कुळ दिसलं तर गोंधळू नका.

पहिला मोठ्या पानांचा, टेरोस्पर्मम एसेरिफोलियम. बागांमधून आणि रस्त्याकडेला जास्त दिसतो तो हाच. याला कनकचंपाही म्हणतात. मूळ हिमालयाच्या पूर्व पायथ्याचा, बंगाल, ईशान्य भारत आणि म्यानमारकडचा. पान हातभर, पंचवीस ते पस्तीस सेंटिमीटरपर्यंत. वरून गडद हिरवं, खालून राखाडी-पांढरं आणि लवदार. वारा आला की पानांची खालची बाजू उलटते आणि अख्खं झाड रुपेरी दिसतं. लांबून ओळखायची ही सर्वांत सोपी खूण. देठ पानाच्या अगदी कडेला न जुळता थोडा आत जुळलेला असतो. नव्या रोपाची पानं मोठ्या झाडासारखी नसतात, ती खोल कातरलेली आणि वेड्यावाकड्या आकाराची असतात. नर्सरीत रोप बघून ‘हे काहीतरी वेगळंच दिलंय’ असं वाटतं ते यामुळे.

दुसरा लहान पानांचा, टेरोस्पर्मम सुबेरिफोलियम. हा दक्षिण भारत आणि श्रीलंकेचा. पानं लांबट, टोकाकडे थोडी दातेरी, खालून फिकट लवदार. फुलंही लहान. झाड आवाक्यातलं राहतं. जागा मध्यम असेल तर मी नेहमी हाच शोधायला सांगते, पण रोप मिळायला जास्त खटपट करावी लागते.

मोठ्या मुचकुंदाचं फूल एकदा बघितलं की विसरत नाही. कळी बोटाहून लांब, तपकिरी मखमली. उमलताना पाच जाड पाकळ्या सोललेल्या केळ्यासारख्या मागे वळतात. त्या खरं तर निदलं, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण. आतल्या पांढऱ्या, नाजूक असतात त्या खऱ्या पाकळ्या. फूल रात्री उमलतं. रात्री हिंडणारे पतंग आणि वटवाघळं त्यावर येतात, आणि दिवस वर येईपर्यंत ते खाली पडलेलं असतं. म्हणून मुचकुंद शोधायला दुपारी निघू नका. फेब्रुवारी ते मे या काळात सकाळी लवकर निघा आणि वर न बघता खाली बघत चाला.

आता फसवणाऱ्या गोष्टी. ‘कनकचंपा’ मागितला की काही ठिकाणी सोनचाफ्याचं रोप हातात देतात. ते चाफ्याचं, पूर्ण वेगळ्या कुळातलं झाड. ऑक्ना नावाच्या पिवळ्या फुलांच्या लहान झाडालाही कनकचंपा म्हणतात. ‘कर्णिकार’ म्हणाल तर कुणी बहावा दाखवेल. तेव्हा नर्सरीत शास्त्रीय नाव सांगा आणि पान उलटं करून बघा. पानाची मागची बाजू लवदार, पांढरट नसेल तर ते रोप घेऊ नका. मोठं पान बघून सागाशीही गल्लत होते. सागाचं कोवळं पान बोटांत चुरगाळलं की बोटं लालसर होतात; मुचकुंदाचं तसं होत नाही. शिवाय सागाची पानं समोरासमोर जोडीने येतात, मुचकुंदाची एकाआड एक.

या झाडाचं आपल्या परसातल्या एका फुलाशी जवळचं नातं आहे. दुपारी बरोबर उमलणारं लाल ‘दुपारी’चं फूल पुण्यात अनेकांच्या कुंड्यांत असतं. लिनियसने १७५३ साली मुचकुंदाला नाव दिलं तेव्हा त्याला दुपारीच्याच प्रजातीत, पेंटापेटिसमध्ये बसवलं होतं. १८०० मध्ये विल्डेनो या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला टेरोस्पर्मममध्ये हलवलं. एक भर दुपारी उमलणारं रोपटं, दुसरं रात्री उमलणारं मोठं झाड, आणि तरी दोन्हींच्या फुलांची रचना एकाच घडणीची. दुपारीचं रोप तुमच्याकडे असेल तर भिंग घेऊन दोन्ही फुलांचे पुंकेसर शेजारी ठेवून बघा: तीन-तीन पुंकेसरांचे गट आणि मधे मधे एकेक लांब वांझ पुंकेसर. पुस्तकातलं कुळ तिथे डोळ्यांना दिसतं.

खात्री हवीच असेल तर कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेतही वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. दोन्हीकडे जाण्याआधी परवानगी आणि वेळ विचारून घ्या. नेताना नुसतं पान नेऊ नका. पानासकट लहान डहाळी, पडलेलं फूल आणि मिळालं तर फळ कागदात गुंडाळून न्या.

२. जागा: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

मोठा मुचकुंद जंगलात पंचवीस-तीस मीटरपर्यंत जातो. शहरात इतका होत नाही, पण चार-पाच मजली इमारतीच्या उंचीचा सहज होऊ शकतो. म्हणून ‘कंपाउंडच्या कडेला एक लावू’ असं म्हणण्याआधी हे तपासा:

- इमारतीच्या भिंतीपासून किमान सहा मीटर. संरक्षक भिंतीपासून तीन-चार मीटर तरी.
- डोक्यावर विजेच्या तारा नकोत. महावितरणची माणसं तारेखालचं झाड दरवर्षी छाटतात, आणि मधलं खोड छाटलेला मुचकुंद कायमचा बेढब होतो.
- खाली काय काय गेलंय ते शोधा: ड्रेनेजची लाइन, पाण्याची लाइन, विजेची केबल, गॅसची पाइपलाइन. सोसायटीच्या जुन्या वॉचमनला किंवा प्लंबरला विचारा, नकाशापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.
- पार्किंगच्या वर नको. लाकडासारखी टणक फळं पडतात, आणि पानंही भरपूर.
- गच्चीचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळीजवळ नको. हातभर पानं पन्हाळीत बसली की पहिल्याच मोठ्या पावसात गच्ची तुंबते आणि दोष झाडाला येतो.
- पोडियमवर, म्हणजे खाली पार्किंग असलेल्या स्लॅबवरच्या मातीत, अजिबात नको. नव्या सोसायट्यांत बागेची जमीन दिसते ती बहुतेक अशीच असते. बिल्डरच्या माणसाचं म्हणणं काही असो, पहारीने खोली मोजा.

माती कोणती आहे हेही बघा. पुण्यात नदीकाठच्या भागात खोल काळी माती, टेकड्यांच्या पायथ्याला वीतभर मातीखाली मुरूम आणि मग कातळ. मुचकुंदाला ओलसर पण पाणी न साचणारी जमीन लागते. त्यासाठी एक चाचणी करा: दोन फूट खोल खड्डा खणा, पाण्याने काठोकाठ भरा, ते जिरू द्या, आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर ती जागा सोडा, किंवा खड्ड्याचा तळ फोडून निचरा होईल असं करा.

शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. मुचकुंदाच्या मूळ घरी याच्या कितीतरी पट पडतो. त्यामुळे थोडा जास्त पाऊस पडणाऱ्या पाषाण, बावधन, वारज्याकडे त्याला जरा सोपं जातं, कमी पावसाच्या हडपसर-मांजरीकडे पाण्याची जास्त काळजी घ्यावी लागते. पण जिथे उन्हाळ्यात पाणी मिळतं तिथे तो पुण्यात चांगला वाढतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. मुचकुंद टेकडीवर लावू नका. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी इथे झाडं लावायचा उत्साह दर पावसाळ्यात येतो. ती जमीन परवानगीशिवाय खणता येत नाही हे तर आहेच, पण तिथलं रान उघड्या, उथळ मातीचं आणि गवताचं आहे. सालई, मेढशिंगी, खैर, पांगारा ही तिथली माणसं. एकेकाळी गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची, भरपूर लागवड झाली आणि आता टेकड्यांवर ते काढून टाकणं कठीण झालंय. मुचकुंद तिथे बहुधा मरेल, आणि जगला तरी तो तिथला नाही. टेकडीवर मुचकुंदाचं भाऊबंद बघायचं असेल तर मुरुडशेंग शोधा. तीच ती काष्ठौषधीच्या दुकानातली पीळदार शेंग. माल्वेसी कुळातली, लाल फुलांची, इथल्या रानातली.

जागा लहान आहे असं वरच्या यादीने सिद्ध झालं तर वाईट वाटून घेऊ नका. लहान पानांचा मुचकुंद बघा. किंवा भेंडाचं झाड, तेही याच कुळातलं, पिवळ्या फुलांचं, काटक. सह्याद्रीतली कौशी मिळाली तर फारच छान: पानं झडलेल्या फांद्यांवर शेंदरी फुलांचे घोस. पण तिलाही मोकळी जागा लागते.

३. होकार लेखी घ्या

सोसायटीत लावणार असाल तर कमिटीच्या बैठकीत विषय ठेवा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. तोंडी ‘लावा की’ पुरत नाही. कमिटी बदलते, नवे अध्यक्ष पार्किंग वाढवायला निघतात, आणि तेव्हा तीन वर्षांचं झाड कुणी लावलं, कुणाला विचारून लावलं, याचं उत्तर कागदावर लागतं. अर्जात झाडाचं नाव, पूर्ण वाढल्यावरची अंदाजे उंची, नेमकी जागा आणि पहिली तीन वर्षं पाणी कोण घालणार हे लिहा. शेवटचा मुद्दा लिहिला की होकार लवकर मिळतो.

रस्त्याच्या कडेला किंवा महापालिकेच्या मोकळ्या जागेत लावायचं असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. स्वतःहून पदपथ खणू नका. खाली केबल असते, आणि परवानगी न घेता लावलेलं रोप पुढच्या खोदकामात जातं.

४. रोप आणायचं की बी पेरायची?

ज्यांना यंदाच लावायचंय त्यांनी रोप आणा. हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्याला नर्सऱ्यांची रांग आहे. पण बहुतेकांकडे शोभेची झाडं जास्त, मुचकुंद एखाद्याकडेच. आधी फोन करून विचारा. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत किंमत कमी असते, पण कोणती रोपं आहेत ते दरवर्षी बदलतं. एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे दुर्मीळ झाडांची रोपं वाढवणारी माणसं भेटतात. विकत घेण्यापेक्षा त्यांच्याशी ओळख होणं जास्त उपयोगाचं.

रोप निवडताना उंचीला भुलू नका. लहान पिशवीत वाढलेलं पाच फुटी रोप म्हणजे आत मुळं गोल गोल गुंडाळलेली असणार. ती जमिनीत गेल्यावरही तशीच गोल वाढतात आणि काही वर्षांनी झाड वादळात आडवं होतं. दोन ते तीन फूट उंच, खोड पेन्सिलीपेक्षा जाड, मधला शेंडा शाबूत, पिशवीच्या खालून मुळं बाहेर न आलेलं रोप चांगलं.

वर्षभर थांबायची तयारी असेल तर बीच पेरा. मला स्वतःला हाच मार्ग आवडतो. कोणत्या झाडाची बी आहे हे माहीत असतं, सोटमूळ सरळ राखता येतं, आणि पाच-सहा रोपं वाढवली की सर्वांत चांगलं आपल्याला ठेवून बाकीची देता येतात.

५. बी गोळा करणं आणि पेरणं

फळ म्हणजे पाच धारांचं, तपकिरी, लाकडासारखं बोंड. मोठ्या मुचकुंदाचं दहा ते पंधरा सेंटिमीटरचं. ते पिकायला फार वेळ घेतं, जवळजवळ वर्ष. त्यामुळे झाडावर गेल्या वर्षीची बोंडं आणि या वर्षीच्या कळ्या एकत्र दिसू शकतात. बोंड पिकलं की पाच भागांत उकलतं आणि आतल्या पंख असलेल्या बिया वाऱ्यावर जातात.

म्हणजे वेळ साधावी लागते. पूर्ण उकललेलं बोंड रिकामं, हिरवट बोंड कच्चं. कडेला नुकती चीर पडलेली बोंडं हवीत. खाली पडलेलं पण न उकललेलं, वजनाला जड बोंड मिळालं तर घ्या. घरी आणून कागदावर काही दिवस उन्हात ठेवा, वरून पातळ कापड टाका, नाहीतर बिया उडतील. बोंडावरची तांबूस लव नाकातोंडात जाते, तेव्हा फोडताना तोंडाला रुमाल बांधा आणि हे काम घरात करू नका. सार्वजनिक बागेतून किंवा संस्थेच्या आवारातून बोंडं उचलण्याआधी तिथल्या माळ्याला किंवा ऑफिसात विचारा. विचारलं की बहुतेक माळी उलट मदतच करतात, कोणत्या झाडाला चांगली बी धरते हेही सांगतात.

बिया साठवून ठेवू नका. जितक्या ताज्या तितक्या चांगल्या. दुसऱ्या वर्षीच्या बियांवर भरवसा ठेवू नये.

पेरताना:

पंख हाताने मोडून टाका. बोटांत दाबून बघा. पोकळ बी लगेच चेपते. ‘पाण्यात तरंगली ती वाईट’ ही परीक्षा इथे वापरू नका, पंखांमुळे फसगत होते. भरीव बिया साध्या पाण्यात रात्रभर भिजवा. गरम पाणी, आम्ल वगैरे प्रकारांची गरज नाही.

दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. नुसत्या कोकोपीटमध्ये पेरू नका, ते वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं. पिशवी रुंद असण्यापेक्षा खोल हवी, एक फूट तरी, कारण मूळ आधी खाली धावतं. प्रत्येक पिशवीत दोन बिया, सेंटिमीटरभर खोल. अर्ध्या सावलीत ठेवा. माती ओलसर हवी, चिखल नको.

साधारण दोन ते चार आठवड्यांत कोंब येतात, सगळे एकदम येत नाहीत. महिना झाला म्हणून पिशव्या ओतून टाकू नका.

कोवळी रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात, तो मर रोग. जास्त पाणी आणि कोंदट हवा ही कारणं. पाणी सकाळी घाला, संध्याकाळी नको, आणि पिशव्यांत अंतर ठेवा. कोलमडलेलं रोप मातीसकट काढून टाका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पानांच्या कडा करपतात; जागा बदला, खत घालू नका. पानामागे पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापडाने पुसा आणि निंबोळी अर्क फवारा. मात्र मुचकुंदाच्या पानाची मागची बाजू मुळातच पांढरी लवदार असते, त्यामुळे कीड समजून निरोगी पानं खरवडली जातात. कीड गोळ्यागोळ्यांनी आणि शिरांजवळ असते, लव सगळीकडे सारखी.

मार्च-एप्रिलमध्ये पेरलेली रोपं त्याच पावसाळ्यात जमिनीत लावू नका. एक वर्ष पिशवीत, गरज पडली तर मोठ्या पिशवीत, आणि पुढच्या जूनमध्ये लागवड.

६. खड्डा उन्हाळ्यातच खणा

एप्रिल-मेमध्ये तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या आणि पंधरा दिवस तरी तापू द्या. मुरूम लागला तर पहारीने तळ फोडा. बाजू गुळगुळीत ठेवू नका, खरबडीत ठेवा म्हणजे मुळं घुसतात. इमारतीच्या आवारात खणताना विटांचे तुकडे, सिमेंट, प्लास्टिक निघतं. ते परत खड्ड्यात जाऊ देऊ नका. मजूर घाईत तेच भरतात, तेव्हा समोर उभे राहा.

भरताना वरची चांगली माती, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं कुजलेलं शेणखत आणि दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड. ताजं शेण नको, त्याने मुळं जळतात आणि वाळवी येते. काळी चिकट माती असेल तर मुरूम मिसळा. पहिल्या पावसाआधी खड्डा भरून थोडा उंचवटा ठेवा, माती बसतेच.

७. लावण्याचा दिवस

वळवाच्या पहिल्या सरीला लावू नका. मोसमी पाऊस दोन-तीनदा चांगला पडून जमीन आत भिजली की लावा, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा.

पिशवी ब्लेडने उभी चिरा आणि पूर्ण काढा. ‘तळ तेवढा फाडला’ असं करू नका. गुंडाळलेली मुळं दिसली तर हलक्या हाताने मोकळी करा, फार गुंतलेली असतील तर कापा. रोप पिशवीत होतं तेवढंच खोल लावा, खोड मातीत गाडू नका. काठी रोपाला चिकटून नको, हातभर दूर दोन काठ्या, आणि मधे सुतळी सैल, आठच्या आकड्यात. काठी जमिनीत जाते तिथे वाळवी लागते. दर महिन्याला हलवून बघा.

भोवती आळं करा, पाचोळ्याचं चार बोटं आच्छादन घाला, पण खोडाला टेकू देऊ नका. कुत्री, मुलांचे क्रिकेटचे चेंडू, गवत कापणारं मशीन या तिन्हींपासून जपायला जाळी लावा. गवत कापणारं मशीन खरं तर सर्वांत वाईट. बुडाशी साल गोल कापली गेली की रोप संपलं. माळ्याला प्रत्यक्ष जागेवर नेऊन दाखवा.

८. पहिले तीन उन्हाळे

पावसाळ्यात रोप छान दिसतं, सगळे फोटो काढतात. परीक्षा नोव्हेंबरनंतर सुरू होते. पुण्याची हिवाळ्याची हवा कोरडी, आणि आपल्याला थंडी म्हणून पाणी घालायचं सुचत नाही. पहिल्या वर्षी नोव्हेंबरपासून आठवड्यातून दोनदा, मार्च ते मे दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा लिटर. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, तिसऱ्या वर्षी एकदा, पण दर वेळी भरपूर. रोज तांब्याभर पाणी घातलं की मुळं वरच राहतात आणि चार दिवस गावाला गेलं की रोप सुकतं.

सांडपाणी शुद्ध करून बागेला देणाऱ्या सोसायट्यांत मातीवर पांढरा थर जमतो का ते बघा. जमत असेल तर महिन्यातून एकदा साधं पाणी भरपूर सोडा.

उन्हाळ्यात पानं पिवळी पडून गळतात तेव्हा घाबरू नका. नखाने खोडाची साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पाणी चालू ठेवा.

दरवर्षी जूनमध्ये आळं रुंद करा, एक घमेलं शेणखत द्या. रासायनिक खताची घाई करू नका. आणि खोडाभोवती पेव्हिंग ब्लॉक बसवायला कुणी आलं तर किमान मीटरभर माती उघडी ठेवायला लावा. लावतानाच दगडांचं कडं करून ठेवलं तर ही जागा झाडाची आहे हे कामगारांना आपोआप कळतं.

९. छाटणी आणि कायदा

पहिल्या काही वर्षांत एकच मधलं खोड राखा. शेंड्याला दुसरा फुटवा आला तर लहान असतानाच काढा. खालच्या फांद्या एकदम कापू नका, त्या खोडाला जाड करतात, दरवर्षी एखाद-दुसरी.

झाड मोठं झालं की स्वतःच्या जागेतलं असलं तरी हवं तसं कापता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि मोठ्या फांद्या छाटायच्या तरी आधी उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत झाडाचे फोटो, जागेचा पत्ता, सोसायटीचं पत्र आणि कारण जोडा. पावसाळ्याआधी धोकादायक फांद्यांचे अर्ज एकदम वाढतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या. खासगी छाटणीवाला ‘परवानगीचं मी बघतो’ म्हणाला तर कागद आधी हातात घ्या. फुलण्याच्या काळात छाटणी करूच नका.

खिळे, पाट्या, दिव्यांच्या माळा झाडावर लावू देऊ नका. रात्री उमलणाऱ्या या झाडावर रात्रभर प्रखर फोकस सोडणं विशेष वाईट, कारण येणारे पतंग अंधारातले.

१०. फुलं आली की

बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुलं यायला बरीच वर्षं जातात. पहिल्या हंगामात मोजकीच येतात. सकाळी लवकर खालची वेचा. वाळल्यावरही वास बराच काळ टिकतो, कपड्यांच्या कपाटात ठेवतात. आयुर्वेदात मुचकुंदाची फुलं डोकेदुखीवर सांगितली आहेत, काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेली मिळतातही. पण वैद्यांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नका किंवा लेप लावू नका.

पानांचं काय करायचं हा प्रश्न कमिटीत नक्की निघेल. मूळ प्रदेशात मोठ्या मुचकुंदाच्या पानांवर जेवतात, बांधाबांधीलाही वापरतात. आपल्याकडे ती कंपोस्टला द्यावीत. अख्खी पानं कुजायला फार वेळ लावतात, म्हणून आधी तुकडे करा, ओली करा आणि शेण किंवा जुनं कंपोस्ट मिसळा. पन्हाळ आणि ड्रेनेजची जाळी मेअखेरीस एकदा साफ करून घ्या, तेवढ्याने तक्रारी थांबतात.

बोंडं धरली की काही झाडावरच राहू द्या. चीर पडलेली काढून वर सांगितल्याप्रमाणे पेरा, आणि रोपं कुणाला देताना जागा विचारून मगच द्या. सहा मीटर मोकळं अंतर नसेल त्याला मोठा मुचकुंद देऊ नका, भेंडाचं रोप द्या.